जुनी पिकअप, नवे इंजिन

बेसा चौकातून घोगलीकडे निघाले की आज दुतर्फा फ्लॅट स्कीमच्या पाट्या दिसतात. वीस वर्षांपूर्वी इथे वावरे होती. त्या काळातली एक पांढरी महिंद्रा पिकअप आमच्या गल्लीत अजून उभी असते. मालक माझे शेजारी. हंगामात काटोलकडची संत्री कळमन्याच्या बाजारात न्यायची, एरवी भाजी, सिमेंट, कुणाचे घरसामान. घर त्या गाडीवर चालते. गेल्या पावसाळ्यात इंजिनाने धूर धरला, ऑइल खायला सुरुवात केली. त्यांच्या मनात आले, अपघातात गेलेल्या एखाद्या बोलेरोचे कॉमन रेल इंजिन मिळते आहे, तेच बसवून टाकू. "प्राध्यापक साहेब, तुमी जरा पाहून सांगा ना जी," ते म्हणाले. पाहता पाहता मी या विषयाच्या बराच खोल गेलो.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. जीप मूळची पेट्रोलवर चालणारी. विलीजचे 'हरिकेन' इंजिन १३४ घन इंचांचे, म्हणजे जवळजवळ २२०० सीसीचे. त्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, अशी विचित्र पण दणकट रचना. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना, डिझेल त्या मानाने स्वस्त राहिले, आणि गावोगावच्या मिस्त्रींनी जीपमध्ये डिझेल इंजिने बसवायला घेतली. खुद्द कंपनीनेही वेगळे काय केले? १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून महिंद्राने ट्रॅक्टर बनवायला घेतले होते. पुढे त्याच घराण्याचे डिझेल इंजिन जीपच्या बॉनेटखाली आले. फ्रेंच पर्जोचे इंजिनही इगतपुरीच्या कारखान्यात बनून जीपमध्ये बसले. इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टर इंजिनाचे आकारमान १५४ घन इंच होते. त्याचे सीसी काढा: २५२३. बोलेरोच्या कागदांवर वर्षानुवर्षे छापला गेलेला आकडा हाच. विदर्भातल्या काळ्या-पिवळ्या जीपमधून दाटीवाटीने प्रवास केलेल्या वाचकाला इंजिनाचा तो ट्रॅक्टरी ठोका आठवत असेल. तो भास नव्हता.

इंजिन बदलणे म्हणजे चार बोल्ट सोडून दुसरा गोळा बसवणे, असे दुरून वाटते. खरी अडचण इंजिनाच्या मागे सुरू होते. पेट्रोलच्या जुन्या जीपचा एक्सल ५.३८ गुणोत्तराचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा फिरणार. ६.००-१६ टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर चाक ७४३ फेरे घेते आणि गाडी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास जाते. आता तिथे २५०० फेऱ्यांवर समाधानी असणारे ट्रॅक्टरचे इंजिन बसवा. चाकाचे फेरे ४६५, वेग ताशी ६३. इंजिन ओढायला तयार आहे, पण गाडी धावत नाही, आणि चालक इंजिनाला त्याच्या सवयीपलीकडे पिळत राहतो. म्हणून जाणता मिस्त्री आधी क्राऊन-पिनियनचे दात मोजतो. आमच्याकडच्या कित्येक बदललेल्या जीप लवकर खलास झाल्या त्या यामुळे, असे माझे मत आहे. दोष मात्र बिचाऱ्या इंजिनाला मिळाला.

बेल हाऊसिंग जुळले नाही तर मधे लोखंडी प्लेट लेथवर कातून घालावी लागते. क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत आले नाहीत, अगदी केसाएवढा फरक राहिला, तरी क्लच प्लेट आणि बेअरिंग काही महिन्यांत बोलू लागतात. ब्रेकचे व्हॅक्यूम हा दुसरा विसरला जाणारा भाग. पेट्रोल इंजिनात ते इनटेक मॅनिफोल्डमधून फुकट मिळते. डिझेलला तसे मिळत नाही, म्हणून वेगळा पंप लागतो, काही इंजिनांत आल्टरनेटरच्या मागे, काहींत कॅमशाफ्टवर. तो विसरलात तर गाडी सुरू होईल, चालेल, आणि भरल्या मालासकट उतारावर ब्रेक दगडासारखा होईल.

नव्या इंजिनाची आणखी एक गोष्ट. जुन्या डिझेलला पंपाने ठरावीक वेळी डिझेल दाबले की पुरे. नोझल साधारण दोनशे बारला उघडतो. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या कितीतरी पुढे जातो आणि कोणत्या क्षणी किती फवारा सोडायचा हे इसीयू ठरवतो. त्याला क्रँकची स्थिती, कॅमची स्थिती, पाण्याचे तापमान, पेडलचा सिग्नल, शिवाय किल्लीची ओळख, सगळे लागते. म्हणजे इंजिनाबरोबर त्या बोलेरोची वायरिंग, पेडल, किल्ली, मीटरसुद्धा आणावा लागतो. जुन्या टाकीतला गंज तर इंजेक्टरचा काळच. फायदा नाही असे नाही: २०१६ साली आलेले १४९३ सीसीचे छोटे इंजिन ७० अश्वशक्ती देते, जुने २५२३ सीसीचे कॉमन रेल ६३ देत होते, आणि टॉर्क दोघांचाही १९५ न्यूटन मीटर. एक लिटर कमी आकारमानात तेवढीच ओढ.

हे सारे जमवणारा मिस्त्री आम्हाला सापडला. त्याने गाडीखाली सरकून पाहिले, बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "इंजिन बसते ना भाऊ. कागद बसत नाही."

कागद म्हणजे १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२. उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हाच अर्थ ठामपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. इंजिन बदलायचे तर त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे. गंमत अशी की इंधन बदलायला कायदा वाट देतो: मान्यताप्राप्त संचाने सीएनजी किंवा बॅटरीसुद्धा. म्हणजे १९९९च्या पिकअपला विजेची मोटर कायदेशीर ठरू शकते, पण त्याच कंपनीचे, कमी धूर सोडणारे डिझेल इंजिन नाही! सुरक्षेचे कारण मला पटते. वरची व्हॅक्यूमची गोष्ट त्यासाठी पुरेशी आहे. पण तपासून, शिक्का मारून परवानगी देण्याचा एखादा रस्ता का नसावा, हे पटत नाही.

शेजाऱ्यांना मी सगळे सांगितले. अपघात झाला आणि विमा कंपनीने इंजिन नंबर पाहिला तर काय, हेही सांगितले. दोन दिवस ते बोलले नाहीत. मग जुने इंजिन उतरवून बोअर करायला दिले, नवे पिस्टन घातले, नोझल बदलले, टाकी सोडून आतून धुऊन घेतली. नोंदणीवरचा नंबर तोच राहिला. आंबिया बहाराच्या तोडणीला गाडी पुन्हा काटोल रस्त्याला लागली. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये येते, पण धूर नाही. फिटनेसची तारीख मार्चमध्ये आहे.