टोल्याचं वय

"सकाळी मी गोल्फ क्लबला असतो," असं नाशिकमध्ये कुणी सांगितलं, तर त्याच्या हातात गोल्फची काठी असेल असं कुणाच्याही मनात येत नाही. पायात बूट, थंडीत डोक्याला माकडटोपी आणि मुठीत गाडीची किल्ली, एवढाच सरंजाम. त्र्यंबक रस्त्यावरच्या या मैदानाचं कागदोपत्री नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. इथे महाराष्ट्राचे रणजी सामने होतात, सभा होतात आणि कडेच्या जॉगिंग ट्रॅकवर निवृत्त नाशिक उजाडायच्या आत फेऱ्या मारायला लागतं. होत नाही तो गोल्फ. इंग्रजी अमदानीतलं नाव तेवढं जिभेवर राहिलं.

मीही या फिरणाऱ्यांपैकीच. रोज पाच किलोमीटर, पावसाळ्यात छत्री घेऊन. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका मित्राने ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे गोल्फच्या टोल्यांचा सराव करायच्या जागी, नेलं, तेव्हा मी जरा ऐटीतच उभा राहिलो. लहानपणी विटीदांडू खेळलेल्या माणसाला जागेवर पडलेला चेंडू मारणं काय कठीण? विटी निदान उडते तरी. पहिला टोला हवेत गेला, दुसराही हवेत, तिसऱ्याला मातीचं ढेकूळ चेंडूपेक्षा लांब गेलं. तिथला तरुण शिक्षक शांतपणे बघत होता. म्हणाला, "काका, पाय दणकट आहेत तुमचे. पण कंबर आणि छाती एकाच वेळी वळतायत, पेटीचं झाकण वळावं तशी."

हे झाकण डोक्यात घेऊनच मी नाशिकला परतलो आणि वाचायला बसलो.

गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा असतो. काठीचं डोकं आणि चेंडू यांची गाठ पडते ती साधारण अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. चेंडू किती लांब जाणार हे बरंचसं त्या क्षणी काठीच्या डोक्याला किती वेग आहे यावर ठरतं. अव्वल व्यावसायिक खेळाडूंच्या बाबतीत तो ताशी १८० किलोमीटरच्या आसपास असतो. एवढा वेग नुसत्या दंडांतून येत नाही. शेतात पाखरं हाकलायला गोफण फिरवणारा माणूस आठवा. त्याचं मनगट फार हलत नाही, पण दोरीच्या टोकाचा खडा सणाणत जातो. गोल्फमध्ये गोफणीची दोरी म्हणजे आपलं शरीर. खाली येताना आधी ओटीपोटाचा भाग वळतो, मग छाती, मग हात, सगळ्यांत शेवटी काठी. प्रत्येक भाग थोडा थांबतो आणि आपला वेग पुढच्याला देतो. माझ्यासारखं सगळं एकदम वळवलं, तर देणारा कुणी नाही आणि घेणाराही नाही.

यासाठी खांदे आणि कंबर यांच्यात पीळ पडावा लागतो. पिळाची जागा कुठे असते हे मला ठाऊक नव्हतं. आपण "कमरेतून वळणं" म्हणतो खरं, पण कमरेचे मणके वळण्यासाठी बनलेलेच नाहीत. त्यांचे सांधे पुढेमागे वाकू देतात, फिरू फारसं देत नाहीत. फिरण्याचं काम वर छातीच्या मणक्यांचं आणि खाली खुब्याच्या सांध्यांचं. आता खुर्ची, सोफा, गाडी आणि मोबाइल यांत तीस-चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचे नेमके हेच दोन भाग आखडलेले असतात. पाठीला पोक येतो, खुबे कुलूप लावल्यासारखे होतात. मग हौसेने काठी फिरवली की पीळ जातो तो मधल्या गरीब कमरेवर, जिला तो सोसत नाही. हौशी गोल्फपटूंच्या दुखण्यांत कंबरदुखी अग्रभागी असते ती उगाच नाही. टोल्याच्या वेळी कमरेच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट दाब पडतो, असं मोजमापांत आढळलं आहे. तेव्हा "साठीनंतर खेळायला गोल्फ बरा, दमायला होत नाही" हे अर्धसत्य आहे.

नाशिकला दमाचं कौतुक करायला कुणी शिकवायची गरज नाही. सावरपाड्याची कविता राऊत ही आपली लांब पल्ल्याची धावपटू. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. आपल्या शहराची तब्येतीची कल्पनाच अशी घडली आहे: जो लांब जातो तो ठणठणीत. गोल्फ क्लबवर दोन फेऱ्या जास्त मारणाऱ्याकडे आपण आदराने बघतो.

पंचाईत अशी की वय सगळ्यात आधी दम घेऊन जात नाही. वय आधी झटका घेऊन जातं.

हे जरा उलगडून सांगायला हवं. आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू दिवसभर राबतात, थकत नाहीत. जलद तंतू दांडगे असतात, पण क्षणभरासाठी. उडी मारणं, ठेच लागल्यावर तोल सावरणं, टोला हाणणं ही त्यांची कामं. मेंदू कामाला लावताना आधी संथ तंतूंना हाक मारतो. जोर किंवा वेग जास्त लागला, तरच जलद तंतूंची पाळी येते. सपाट ट्रॅकवर गप्पा मारत चालताना ती येतच नाही. वर्षानुवर्षं चालणाऱ्या माणसाचं हृदय उत्तम असतं, साखर आटोक्यात असते, आणि त्याचे जलद तंतू मात्र ओसरीवर बसून असतात.

शिवाय वयाबरोबर मज्जारज्जूतल्या चालक चेतापेशी हळूहळू कमी होतात. एकेक पेशी शेकडो तंतूंचा संसार सांभाळत असते. ती गेली की तिचे तंतू पोरके होतात. काहींना शेजारची संथ पेशी दत्तक घेते आणि ते तिच्या वळणाचे होतात, उरलेले झिजून जातात. म्हणूनच म्हातारपणी स्नायूंची ताकद जितक्या वेगाने घटते, त्याहून झपाट्याने ती ताकद चटकन वापरण्याची क्षमता घटते. जड पिशवी उचलता येते, पण न्हाणीघरात पाय घसरला तर वेळेत सावरता येत नाही. गोल्फपटूला हेच वेगळ्या भाषेत कळतं. पूर्वी जिथे चेंडू पडायचा, त्याच्या वीस-तीस पावलं अलीकडेच तो आता पडतो.

गेलेलं काही परत येतं का? १९९० मध्ये अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध झाला. बोस्टनच्या एका वृद्धनिवासातल्या दहा जणांना, सरासरी वय नव्वद, आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा व्यायाम दिला. हलकंफुलकं हातपाय हलवणं नव्हे, त्यांना पेलेल तितकं खरंखुरं वजन. एकाला मध्येच थांबावं लागलं. उरलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीतल्या स्नायूचा आकार ९ टक्क्यांनी. ताकद आकारापेक्षा इतकी जास्त वाढली, कारण पहिल्या काही आठवड्यांत फरक पडतो तो मुख्यतः मज्जासंस्थेत. निजलेले तंतू हाकेला ओ द्यायला लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनाही केवळ चालण्यावर थांबत नाहीत. आठवड्याला किमान १५० मिनिटं चालणं वगैरे आहेच. पण त्याखेरीज आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम आणि ६५ वर्षांनंतर तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारा व्यायाम त्यांनी सांगितला आहे. यादीची पहिली ओळ आपण पाठ केली आणि उरलेला कागद खिशात ठेवला.

यात परदेशी असं काही नाही, बरं का. तालमीतल्या जोर-बैठका म्हणजे ताकदीचाच व्यायाम. मुद्गल फिरवणं म्हणजे तर खांदे, छातीचे मणके आणि मनगटं यांना वेगात फिरायला लावणं. गोल्फचा आधुनिक व्यायाम-प्रशिक्षक हेच दोरीच्या यंत्रावर किंवा जड चेंडू भिंतीवर फेकायला लावून करून घेतो. आमच्या आज्या जात्यावर बसून रोज पहाटे धड वळवत होत्या. त्या कष्टाचे गोडवे गायचं कारण नाही, पण त्यांचे खुबे आपल्यापेक्षा मोकळे असावेत एवढं मान्य करायला हरकत नाही. मात्र रक्तदाब, हृदयविकार किंवा ठिसूळ हाडं असतील, तर मुद्गलाला हात घालण्याआधी डॉक्टरांना विचारा. झटक्याचे व्यायाम अंगात थोडी ताकद जमल्यावर करायचे, आधी नाही.

शरीर तयार झालं तरी टोला बसेलच असं नाही. मला अधिक रस वाटला तो इथून पुढच्या भागात, शिकण्यात. मागे नेलेली काठी चेंडूपर्यंत खाली आणायला सुमारे पाव सेकंद लागतो. चूक होतेय हे मेंदूला कळून दुरुस्तीचा हुकूम स्नायूंपर्यंत जायलाही जवळपास तितकाच वेळ जातो. म्हणजे टोला सुटला की सुटला, मध्ये काही सुधारता येत नाही. त्यातून आणखी एक गंमत होते. आपल्याला जे केल्यासारखं वाटतं आणि आपण जे करतो, त्यांत पुष्कळ अंतर असतं. छाती भरपूर वळली अशी माझी खात्री होती, मोबाइलच्या चित्रफितीत ती जेमतेम हलली होती. आरशासमोर वर्षभर एकट्याने घोटलं, तर माणूस चूकच पक्की करतो. बाहेरून बघणारा गुरू लागतो तो यासाठी. तबल्याच्या क्लासला बसलेल्या कुणालाही हे पटेल.

गुरूने सांगायचं कसं, यावरही पुष्कळ संशोधन झालं आहे. "कोपर सरळ ठेवा, गुडघा वळवा" अशी अवयवांवर बोट ठेवणारी सूचना शिकणाऱ्याला बहुधा गोंधळवते. "काठी त्या झाडाकडे भिरकावल्यासारखी करा" असं बाहेरच्या लक्ष्याकडे नेणारं वाक्य जास्त लागू पडतं. सरावाचंही तसंच. एकाच काठीने एकाच जागी पन्नास चेंडू मारले की तेवढ्यापुरतं फार छान जमतं आणि दुसऱ्या दिवशी विसरतं. दर टोल्याला काठी, अंतर, लक्ष्य बदललं की सराव करताना हसू होतं, पण शिकलेलं टिकतं. मेंदूला दरवेळी उत्तर नव्याने काढावं लागतं, नक्कल मारता येत नाही.

"आता या वयात काय डोक्यात शिरणार" म्हणणाऱ्यांसाठी झुरिक विद्यापीठातला २०११ चा प्रयोग आहे, आणि तो चक्क गोल्फवरचाच. ४० ते ६० वयाच्या, कधी गोल्फ न खेळलेल्या अकरा जणांनी हौसेने, आपापल्या सवडीने ४० तास गोल्फ शिकला. आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूची एमआरआय छायाचित्रं घेतली. हालचाल आणि दृष्टी यांची सांगड घालणाऱ्या भागांत करड्या द्रव्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. न शिकलेल्या अकरा जणांत तसं दिसलं नाही. ज्यांनी ४० तास थोड्या दिवसांत उरकले, त्यांच्या मेंदूच्या एका भागात वाढ जास्त होती. अकरा ही संख्या लहान आहे, यावरून फार मोठे मजले बांधू नयेत. पण ४० तास म्हणजे रोज एक तास धरला तर दीड महिनाही नाही.

गोल्फ पिकलेल्या माणसांनाही जागा देतो हे खरं. २००९ मध्ये टॉम वॉटसन ५९ व्या वर्षी ब्रिटिश ओपन जिंकता जिंकता राहिला. शेवटच्या होलवर एक छोटा पट, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायचा हलका टोला, चुकला आणि जादाच्या होल्समध्ये तो हरला. २०२१ मध्ये फिल मिकलसन पन्नाशी ओलांडून पीजीए चॅम्पियनशिप जिंकला. इतक्या वयात इतकी मोठी स्पर्धा त्याआधी कुणी जिंकली नव्हती. स्वीडनमध्ये तीन लाख गोल्फपटूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांचा मृत्युदर त्याच वयाच्या इतरांपेक्षा ४० टक्क्यांनी कमी निघाला, हेही आपले गोल्फप्रेमी अभिमानाने सांगतात. संशोधकांनी आर्थिक स्तराचा हिशेब धरला होता. तरी मला थोडी शंका उरतेच. अठरा होल्स पायी खेळण्याइतका जो धट्टाकट्टा आहे तोच गोल्फ खेळतो, त्यामुळे कोंबडी आधी की अंडं हे नुसत्या नोंदींवरून ठरत नाही.

उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यात हिरवळीसाठी पाणी ओता, असं मी म्हणणार नाही. झटका, पीळ आणि शिकवणारा गुरू ही तिन्ही बॅडमिंटनमध्येही मिळतात, टेबल टेनिसमध्येही.

मी हल्ली गोल्फ क्लबवर पाचाऐवजी तीन किलोमीटर चालतो. उरलेल्या वेळात कडेच्या बाकाजवळ बैठका काढतो, एका पायावर उभा राहतो, मग जुन्या छत्रीची काठी दोन्ही हातांत धरून आधी कंबर, मग छाती, मग हात, असा खाली येतो. छत्री हवेत सूं करते, पण कधी कधीच. परवा रोजच्या मंडळींतले एक काका थांबले.

"काय हो, पाठ धरली का?"

"नाही हो. गोल्फ खेळतोय."

"इथे?" असं म्हणत त्यांनी मैदानाकडे एकवार बघितलं आणि पुढच्या फेरीला निघून गेले.