इंधन टाकी, स्वनिर्मित विमानाची

हौशी व्यक्तीने कारखान्याबाहेर, स्वतःच्या शिक्षणासाठी व करमणुकीसाठी, बहुतांशी आपल्या हातांनी बांधलेल्या विमानास स्वनिर्मित विमान म्हणतात. अशा विमानात पेट्रोल साठविण्यासाठी असलेले बंदिस्त पात्र म्हणजे त्याची इंधन टाकी होय. ती तीन प्रकारे करतात : धातूच्या पत्र्यांचे सांधे रिव्हेटांनी जोडून व त्यांत रबरासारखे लुकण भरून, काचतंतू व रेझीन यांच्या थरांची किंवा ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूच्या पत्र्यांचे वितळजोडकाम (वेल्डिंग) करून. येथे मुख्यत्वे तिसऱ्या प्रकाराची माहिती दिली आहे.

स्वनिर्मित विमानांची चळवळ प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वाढली. मिनेसोटातील बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ च्या सुमारास फोर्ड मोटारगाडीच्या एंजिनावर उडणारे एक लाकडी विमान तयार केले. त्याच्या आराखड्यांवरून आजही विमाने बांधली जातात. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकी येथे एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था स्थापन केली. तिचा वार्षिक मेळावा १९७० पासून विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश येथे भरतो. विमानाच्या बांधणीचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी व्यक्तीने केलेला असावा, अशी तेथील नियमांची अट आहे. भारतात अशी उदाहरणे तुरळक आहेत. मुंबईतील अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची नोंदणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ मध्ये केली.

कारखान्यात बनणाऱ्या विमानांना लागू असलेले नियम स्वनिर्मित विमानांना जसेच्या तसे बंधनकारक नसतात. त्यामुळे टाकीचा आराखडा, जोडकाम व चाचणी यांची जबाबदारी बहुधा एकाच माणसावर पडते आणि बऱ्याचदा ते त्याचे ॲल्युमिनियमाचे पहिलेच जोडकाम असते. विमानाच्या इतर भागांतील दोष तपासणीत डोळ्यांना दिसू शकतो. परंतु टाकीतील केसासारखी चीर दिसत नाही आणि तिच्यातून झिरपणारे पेट्रोल वैमानिकाच्या पायांशी किंवा तापलेल्या निष्कास नळीजवळ पोहोचू शकते.

धातूची निवड : पूर्वी टाक्यांसाठी शिसे व कथिल यांचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा वापरीत व त्याचे सांधे डाखाने जोडीत. अशी टाकी जड होई. ॲल्युमिनियमाची घनता पोलादाच्या सु. एक तृतीयांश आहे. मात्र त्याचा कोणताही मिश्रधातू या कामास चालत नाही. विमानाच्या सांगाड्यात सर्रास वापरला जाणारा २०२४ हा तांबेयुक्त मिश्रधातू मजबूत असला, तरी जोड थंड होताना तडकतो. ६०६१ हा मिश्रधातू भरण सळईशिवाय जोडल्यास तडकतो. म्हणून टाकीसाठी ३००३ (सु. १.२% मँगॅनीज) किंवा ५०५२ (सु. २.५% मॅग्नेशियम व अल्प क्रोमियम) हे मिश्रधातू घेतात. पत्र्याची जाडी सामान्यतः १.३ ते १.६ मिमी. असते. याहून पातळ पत्र्याने वजन वाचते, पण जोडताना त्याला भोके पडतात. हा काटकसरीचा मार्ग नवख्याने टाळलेला बरा.

हे दोन्ही मिश्रधातू उष्णतोपचाराने नव्हे, तर थंड स्थितीत लाटण्याने कठीण झालेले असतात. जोडकामाच्या उष्णतेने हा कठीणपणा जोडाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात नाहीसा होतो, म्हणजे तेथे पत्र्याचे अनुशीतन होते. ५०५२ चा अर्धवट कठीण केलेला पत्रा असा मऊ झाला की, कायमची विकृती येण्यापूर्वी तो सहन करू शकेल असे प्रतिबल निम्म्याहून कमी होते; तुटण्यास लागणारे प्रतिबल मात्र सु. १५ टक्क्यांनीच घटते. जोड स्वतः भरण धातूमुळे जाड झालेला असतो. त्यामुळे एंजिनाच्या कंपनाने सपाट बाजू आतबाहेर लवू लागल्या की, वाकण्याचे सारे प्रतिबल जाड जोड आणि मऊ पत्रा यांच्या सीमारेषेवर एकवटते व शिणवट्याने चीर तेथेच पडते. सुबक जोड असलेल्या टाकीलाही दोन-तीनशे तासांच्या उड्डाणानंतर गळती लागू शकते ती यामुळे. जोडकाऱ्याचा हात कितीही कुशल असला, तरी टाकीचा आकार व तिचा आधार चुकला असेल, तर ती टिकत नाही.

आकार व आतील रचना : साठ लिटर पेट्रोलाचे वजन सु. ४३ किग्रॅ. भरते. अपघातात गुरुत्वाच्या नऊपट मंदन झाले, तर हेच इंधन टाकीच्या पुढील बाजूवर सु. ३९० किग्रॅ. भाराने आदळते. नेहमीच्या उड्डाणातही अर्धी भरलेली टाकी कलली की इंधन एका बाजूस धावते. म्हणून आत आडपडदे बसवितात. ते टाकीच्या मोठ्या सपाट बाजूंना आधारही देतात. पडद्यांना भोके पाडतात आणि खालचे व वरचे कोपरे कापतात, म्हणजे खालून इंधन व वरून हवा मोकळेपणी जाते. पडद्यांच्या वळविलेल्या कडा बाहेरील पत्र्याला मऊ ॲल्युमिनियमाच्या रिव्हेटांनी जोडून रिव्हेटांची डोकी बाहेरून वितळवून बंद करतात.

सांधा नेमक्या कोपऱ्यावर घेणे सोपे असले, तरी तेथेच वाकण्याचे प्रतिबल सर्वाधिक असते. म्हणून पत्रा गोलाईने वळवून सांधा कोपऱ्यापासून थोडा दूर सपाटीवर आणणे चांगले. दुसरी रीत अशी : दोन्ही पत्र्यांच्या कडा सु. ३ ते ५ मिमी. उभ्या वळवून शेजारी शेजारी ठेवतात व त्यांची टोके वितळवून एक करतात. यात भरण सळई फारशी लागत नाही, पत्रा कमी मुरडतो आणि मऊ पट्ट्याचा बराच भाग उभ्या कडेतच राहतो. मात्र दोन कडांमध्ये उरणारी अरुंद फट ही या रीतीची खोड आहे. अभिवाह वापरला असल्यास तो तेथे अडकतो व पुढे पत्रा खातो. सपाट बाजूंवर पन्हळीसारख्या खाचा दाबून उठविल्यास त्या कमी लवतात.

जोडकाम : शुद्ध ॲल्युमिनियम ६६०° से.ला वितळते, तर त्याच्या पृष्ठभागावर सतत असणारे ऑक्साइडाचे पटल २,०००° से.च्या वर. त्यामुळे आतील धातू पातळ झाला, तरी वरचे पटल पिशवीसारखे टिकून राहते आणि दोन पत्र्यांचा रस एकमेकांत मिसळत नाही. शिवाय तापताना लोखंडाप्रमाणे ॲल्युमिनियम लाल होत नाही. आता घट्ट आहे असे वाटत असतानाच ते एकदम खाली ओघळते. ऑक्सिॲसिटिलीन ज्योतीने जोडताना हे पटल क्लोराइडे व फ्ल्युओराइडे असलेल्या अभिवाहाने विरघळवितात. ३००३ चा पत्रा या रीतीने चांगला जोडता येतो. मॅग्नेशियमयुक्त ५०५२ ला ती अवघड जाते. अभिवाहाचा अवशेष दमट हवेत धातूला भोके पाडतो म्हणून टाकी आतून व बाहेरून गरम पाण्याने पुनःपुन्हा धुवावी लागते. बंद टाकीची आतील बाजू घासता येत नाही, ही यातील खरी अडचण आहे.

सध्या बहुतेक टाक्या अक्रिय वायूच्या आवरणातील टंगस्टन प्रज्योतीने जोडतात. ही पद्धत अमेरिकेत नॉर्थ्रॉप कंपनीतील रसेल मेरेडिथ यांनी १९४१ च्या सुमारास मॅग्नेशियम जोडण्यासाठी हीलियम वापरून विकसित केली. आता सामान्यतः आर्गॉन वापरतात. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या ज्या अर्धचक्रात पत्रा ऋण असतो, त्यात ऑक्साइडाचे पटल फुटून उडते व दुसऱ्या अर्धचक्रात पत्र्यात उष्णता खोल जाते. अभिवाह लागत नाही, हा तिचा टाकीच्या दृष्टीने सर्वांत मोठा फायदा होय. वर दिलेल्या जाडीच्या पत्र्यास सु. ५० ते ८० अँपिअर प्रवाह पुरतो. ५०५२ साठी ५% मॅग्नेशियमाची (५३५६) व ३००३ साठी ५% सिलिकॉनाची (४०४३) भरण सळई घेतात.

कडा ॲसिटोनाने पुसून केवळ ॲल्युमिनियमासाठी राखलेल्या निष्कलंक पोलादाच्या ब्रशाने घासतात. तेल किंवा ओलावा राहिल्यास हायड्रोजन वितळलेल्या धातूत विरघळतो व धातू गोठताना बाहेर पडून जोड सच्छिद्र करतो. क्लोरीनयुक्त विद्रावकांनी पत्रा कधीही पुसू नये. प्रज्योतीच्या जंबुपार किरणांनी त्यांच्या बाष्पापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. प्रथम दर दोन-तीन सेंमी. अंतरावर टाके घेतात व नंतर एका बाजूचा थोडा सांधा झाला की समोरच्या बाजूकडे वळतात, म्हणजे मुरड वाढत नाही. शेवटचा सांधा बंद करताना एखादे तोंड उघडे ठेवणे आवश्यक असते. नाहीतर आतील तापलेली हवा प्रसरण पावून वितळलेल्या धातूतूनच वाट काढते आणि काही केल्या तेवढेच एक भोक बुजत नाही.

तोंडे व नळ्या : टाकीच्या सर्वांत खालच्या भागी पाणी व गाळ साठण्यासाठी खळगा व तो रिता करण्याची झडप असावी. अमेरिकेतील कारखानी लहान विमानांच्या नियमांत २०१७ पर्यंत दिलेले आकडे हौशी बांधकामातही मार्गदर्शक मानले जातात. त्यांनुसार खळग्याची धारणक्षमता टाकीच्या ०.२५% किंवा सु. २४० घ. सेंमी. यांपैकी जी अधिक असेल ती आणि प्रसरणासाठी रिकामी जागा २% असावी. पेट्रोलाचे तापमान २०° से.ने वाढले, तर त्याचे घनफळ जवळजवळ तेवढेच वाढते. एंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी दर इंचात ८ ते १६ तारा असलेली जाळीची गाळणी बसवितात. हवा आत घेणारी नळी किडीने किंवा मातीने बुजली, तर इंधनाचा पुरवठा थांबतो व एंजिन बंद पडते.

नळ्यांसाठी वितळजोडीने बसविलेली जाड तोंडे व पातळ पत्रा यांना तापण्यास लागणारा वेळ वेगळा असतो. म्हणून प्रज्योत प्रथम जाड भागावर धरून नंतर पत्र्याकडे आणतात. उलट केल्यास पत्रा विरघळून जातो.

चाचणी : वरील नियमांत टाकीच्या चाचणीचा दाब दर चौ. इंचास ३.५ पौंड, म्हणजे सु. २.४६ मी. उंचीच्या पाण्याइतका होता. हा दाब मामुली भासतो. तथापि ४० × ५० सेंमी.च्या बाजूवर त्याचा एकूण भार ४९० किग्रॅ.च्या आसपास भरतो. कारखान्यातील दाबयुक्त हवेची नळी टाकीला सरळ लावणे हे म्हणूनच अविचाराचे असून त्याने टाकी फुगून निकामी होते व फुटल्यास माणूस जखमी होतो. टाकी पाण्याने भरून दाब देणे अधिक सुरक्षित आहे. हवेने चाचणी करावयाची तर पाण्याच्या उभ्या नळीने दाब मोजावा; नळी त्या दाबापलीकडे आपोआप उतू जाते. आतील हवेचे तापमान १° से.ने बदलले, तर पाण्याची पातळी सु. सव्वाचार सेंमी.ने बदलते. त्यामुळे उन्हात ठेवलेल्या टाकीवरून गळतीचा निष्कर्ष काढता येत नाही. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहतात. पाण्याचे पृष्ठताण पेट्रोलाच्या सु. तिप्पट असल्याने पाणी न झिरपणाऱ्या छिद्रातून पेट्रोल झिरपू शकते. विमानाच्या शिसेयुक्त पेट्रोलात निळा रंग मिसळलेला असतो. सांध्याजवळ दिसणारा निळसर डाग ही अशा गळतीची खूण होय.

बारीक छिद्रे बुजविण्यासाठी टाकीत द्रव लेप घोळविण्याची प्रथा आहे. अल्कोहॉलयुक्त पेट्रोलाने काही लेप सुटून त्यांचे पापुद्रे गाळणीत अडकल्याचे अनुभव आहेत. तेव्हा सदोष जोड खरवडून नव्याने करणेच योग्य ठरते.

बसविणे व दुरुस्ती : टाकी पट्ट्यांनी व गाद्यांवर अशी धरतात की, विमानाचा सांगाडा पिळवटला तरी तो भार तिच्यावर येऊ नये. गादी पाणी शोषणारी नसावी. ओल्या नमद्याखाली ॲल्युमिनियमाला खळगे पडतात आणि पट्टी काढल्याशिवाय ते दिसत नाहीत. टाकी व सांगाडा यांना विद्युत् संवाहक पट्टीने जोडतात म्हणजे पेट्रोल भरताना स्थिर विद्युत् साठून ठिणगी पडत नाही.

वापरलेल्या टाकीची दुरुस्ती नव्या टाकीच्या जोडकामाहून कितीतरी धोक्याची असते. हवेत पेट्रोलाच्या बाष्पाचे प्रमाण सु. १.४ ते ७.६ टक्के असताना मिश्रण स्फोटक असते आणि रिकामी दिसणारी टाकी बहुधा याच अवस्थेत असते. सांध्यांच्या फटींत उरलेले पेट्रोल उष्णतेने पुन्हा बाष्परूप होते. त्यामुळे टाकी एकदा धुऊन वाळविणे पुरेसे नसते. ती वाफेने दीर्घकाळ धुऊन, नंतर जोडकाम चालू असेपर्यंत आर्गॉन किंवा कार्बन डाय-ऑक्साइड यांच्या प्रवाहाने भरलेली ठेवतात किंवा दुरुस्तीच्या जागेपर्यंत पाण्याने भरतात. दुरुस्तीनंतर संपूर्ण दाब-चाचणी पुन्हा घेतात, कारण नव्या जोडाने जवळच्या जुन्या सांध्यांचा मऊ पट्टा रुंदावलेला असतो.