कासवाची पिल्लं आणि गावचे पाहुणे

रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, समुद्राच्या काठी वेळास नावाचं गाव आहे. पेशवाईतले नाना फडणवीस मूळचे याच गावचे. पण आता वेळासचं नाव झालंय ते कासवांमुळे. उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्याहून माणसं मोटारी भरून तिकडे जातात. ताम्हिणी घाट उतरायचा, माणगाव, मंडणगड करत वेळास गाठायचं. एवढी दगदग कशासाठी? काडेपेटीएवढं एक पिल्लू समुद्रात जाताना बघायला!

या कासवाला ऑलिव्ह रिडले म्हणतात. जन्मभर ते समुद्रात राहतं. मादी तेवढी अंडी घालायला किनाऱ्यावर येते, तीही बहुधा रात्री. मागच्या पायांनी ती वाळूत दीडेक फूट खड्डा करते. शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. परत बघायला येत नाही. वाळूच्या उबेवर अंडी उबतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात.

पूर्वी ती बाहेर पडतच नसत म्हणा ना. मादीच्या चालीचा माग वाळूत स्पष्ट दिसतो. त्या मागावरून माणसं अंडी काढून नेत. काही खात, काही विकत. उरलेली कुत्र्या-कोल्ह्यांची. कासवाला मारणं किंवा त्याची अंडी घेणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण रात्री किनाऱ्यावर कायदा बघायला कोण उभं राहणार?

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासला काम सुरू केलं. गावची माणसं राखणीला उभी राहिली. ती भल्या पहाटे किनारा फिरतात. माग दिसला की अंडी काढतात आणि कुंपणाच्या आत तसाच खड्डा करून पुरतात. हे काम लवकर करावं लागतं, आणि अंडं उलटंपालटं करून चालत नाही. काही तासांतच आतला जीव कवचाला चिकटतो. मग अंडं फिरवलं तर तो मरतो.

पिल्लं वाचू लागली. पण राखण फुकट किती दिवस होणार? २००६ पासून गावात कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. घरातल्या बायका रांधून वाढतात. भात, सोलकढी, मोदक. राहण्या-जेवणाचे पैसे थेट त्या घरात जातात. ज्या अंड्याला बाजारात चार पैसे मिळायचे, ते वाळूत राहिलं तर जास्त मिळतात, हे गावाने पाहिलं.

आता खरी अडचण इथेच आहे. पाहुणा वाढला की कुणाला वाटतं, किनाऱ्यालगत हॉटेल बांधू, दिवे लावू. पण पिल्लू उजेडाकडे धावतं. काळोख्या रात्री समुद्राचा भाग जमिनीपेक्षा उजळ दिसतो, म्हणून ते तिकडे जातं. किनाऱ्यावर दिवे असले तर ते उलटं जमिनीकडे चालू लागतं आणि मरतं. दिवे आणि माणसं दिसली तर अंडी घालायला आलेली मादीसुद्धा मागे फिरते. म्हणजे पाहुण्याच्या सोयीसाठी केलेल्या गोष्टीनेच, पाहुणा ज्यासाठी येतो ते जाईल.

दुसरा मोह याहून बारीक आहे. पिल्लं काही पाहुण्यांची वेळ बघून बाहेर येत नाहीत. मग रात्री निघालेली पिल्लं टोपलीत ठेवावी आणि दुपारी गर्दी जमल्यावर सोडावी, असं वाटू शकतं. तसं करू नये. पिल्लाच्या पोटात अंड्यातल्या बलकाचा थोडा अंश उरलेला असतो. तीच त्याची शिदोरी. पहिला दिवसभर ते त्या जोरावर न थांबता खोल पाण्याकडे पोहतं. टोपलीत धडपडून शिदोरी संपली, तर पुढे पोहणार कशाच्या बळावर? आधीच हजारातून एखादंच मोठं होतं असं जाणकार सांगतात. दुपारची वाळूही त्याला भाजते.

म्हणून वेळासला सकाळी आणि संध्याकाळी, उन्हं कोवळी असताना, पिल्लं सोडतात. दोरी बांधलेली असते, तिच्या अलीकडे उभं राहायचं. पिल्लाला हात लावायचा नाही. फोटोसाठी दिवा चमकवायचा नाही. घरट्यावर झाकलेली टोपली राखणदार उचलतो. कधी खाली वीस-पंचवीस पिल्लं वळवळत असतात, कधी नुसती वाळू. मग पुण्याहून आलेला एखादा कुरकुरतो, "एवढे पैसे मोडून आलो!" राखणदार टोपली पुन्हा झाकतो आणि म्हणतो, "संध्याकाळी या, भाऊ. नाहीतर उद्या सकाळी."