डेस्कटॉपच्या तोडीचा नवा लॅपटॉप येतोय: थांबायचं की आहे तो घ्यायचा?

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि आता बिडकीन. छत्रपती संभाजीनगरभोवतीच्या औद्योगिक वसाहती वाढत आहेत. २०२४ मध्ये एथर एनर्जीने बिडकीनमध्ये कारखाना उभारण्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये टोयोटा किर्लोस्करने इथल्या प्रकल्पासाठी राज्य सरकारसोबत सामंजस्य करार केला. मोठी कंपनी आली की तिच्यासाठी सुटे भाग, डाय, जिग आणि फिक्स्चर बनवणाऱ्या लहान युनिट्सनाही काम मिळतं. या कामाची सुरुवात होते ती स्क्रीनवरच्या थ्रीडी डिझाइनपासून.

त्यामुळे इंजिनीअरिंगचे विद्यार्थी, टूल रूममध्ये शिकणारी मुलं आणि घरून डिझाइनची कामं घेणारे फ्रीलान्सर यांच्यात एक प्रश्न कायम चर्चेत असतो. सॉलिडवर्क्स, कॅटिया, ब्लेंडर चालवायला दणकट लॅपटॉप हवा आहे, पण दोन-तीन महिन्यांत नवं मॉडेल येणार असं ऐकू येतंय. मग थांबायचं का?

प्रश्न दीड-दोन लाखांचा असतो. अनेक घरांत हा वर्षभरातला सगळ्यात मोठा खर्च ठरतो आणि त्याचे हप्ते मुलाला नोकरी लागायच्या आधीच सुरू होतात. म्हणून थांबण्यात फायदा कधी असतो आणि तोटा कधी, हे समजून घेऊया.

‘डेस्कटॉप रिप्लेसमेंट’ म्हणजे नेमकं काय?

टेबलावरचा कॉम्प्युटर काढून त्याच्या जागी ठेवता येईल असा लॅपटॉप, हा याचा साधा अर्थ. स्क्रीन १६ ते १८ इंचांची, वजन साधारण अडीच ते साडेतीन किलो, वेगळं ग्राफिक्स कार्ड, मोठे पंखे आणि विटेएवढा अडॅप्टर. रोज बॅगेत घालून फिरण्यापेक्षा घर आणि ऑफिस अशा दोन टेबलांमध्ये नेण्यासाठी तो बनवलेला असतो.

यात दोन प्रकार आहेत. पहिला गेमिंग लॅपटॉप, ज्यात एनव्हिडियाचं जीफोर्स आरटीएक्स मालिकेतलं कार्ड असतं. दुसरा ‘मोबाइल वर्कस्टेशन’. लेनोवोची थिंकपॅड पी मालिका, एचपीची झेडबुक आणि डेलची प्रिसिजन ही त्याची ओळखीची नावं. प्रिसिजन हे नाव डेलने २०२५ मध्ये बदलून ‘प्रो मॅक्स’ केलं. वर्कस्टेशनमधली कार्डं डिझाइन सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांनी तपासून प्रमाणित केलेली असतात, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजावे लागतात.

घोषणा झाली म्हणजे लॅपटॉप आला का?

नाही. वाट पाहणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो.

लॅपटॉपच्या जगात दोन मोठे मुहूर्त असतात. जानेवारीत लास वेगासला होणारं सीईएस प्रदर्शन आणि मे-जूनच्या सुमारास तैवानमध्ये होणारं कॉम्प्युटेक्स. तिथे नव्या चिप आणि नवी मॉडेल्स जाहीर होतात. पण जाहीर होणं आणि दुकानात मिळणं यात बरंच अंतर असतं.

आरटीएक्स ५० मालिकेचंच पाहा. लॅपटॉपसाठीची ही कार्डं जानेवारी २०२५ मध्ये सीईएसला जाहीर झाली. सगळ्यात महागड्या कार्डांचे लॅपटॉप मार्चच्या अखेरीस जगभरात यायला लागले. सर्वसामान्य ग्राहक ज्याची वाट पाहत होता त्या आरटीएक्स ५०६० चे लॅपटॉप यायला मे उजाडला. म्हणजे घोषणेनंतर चार महिने. कंपन्या बहुतेक वेळा महागडं मॉडेल आधी आणि परवडणारं नंतर आणतात.

भारतात यात आणखी काही पायऱ्या आहेत. इथे विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपची भारतीय मानक ब्युरोकडे सक्तीने नोंदणी करावी लागते. वायफाय आणि ब्लूटूथसाठी दूरसंचार विभागाची मान्यता लागते. त्यात सरकारी धोरणाचीही भर पडू शकते. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर अचानक निर्बंध जाहीर केले. गदारोळ झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली आणि पुढे कंपन्यांना ऑनलाइन परवानगी घेऊन आयात करता येईल अशी व्यवस्था आणली.

म्हणून परदेशातल्या लाँचची तारीख पाहून संभाजीनगरमधल्या खरेदीची तारीख ठरवता येत नाही.

नाव तेच, ताकद वेगळी

नव्या मॉडेलची जाहिरात कार्डाच्या नावाने होते. पण लॅपटॉपमधलं कार्ड आणि डेस्कटॉपमधलं कार्ड यांचं नाव सारखं असलं तरी वस्तू वेगळी असते.

उदाहरणार्थ, डेस्कटॉपच्या आरटीएक्स ५०९० मध्ये २१,७६० कोअर आहेत, ३२ जीबी मेमरी आहे आणि ते ५७५ वॉटपर्यंत वीज घेतं. त्याच नावाच्या लॅपटॉप कार्डात १०,४९६ कोअर आणि २४ जीबी मेमरी असते. त्याला मिळणारी वीज साधारण १७५ वॉटच्या आतच राहते. कोअर निम्म्याहून कमी आणि वीज एक तृतीयांशाहूनही कमी. डब्याएवढ्या जागेत याहून जास्त उष्णता बाहेर काढणं शक्य नसतं.

गंमत पुढे आहे. दोन लॅपटॉपमध्ये एकच कार्ड असलं तरी त्यांचा वेग सारखा असेलच असं नाही. लॅपटॉपच्या आरटीएक्स ५०६० साठी एनव्हिडियाने ४५ ते १०० वॉटची मोकळीक ठेवली आहे. पातळ लॅपटॉप बनवणारी कंपनी त्याला ६० वॉट देईल, तर जाड आणि मोठे पंखे असलेल्या लॅपटॉपमध्ये तेच कार्ड १०० वॉटवर चालेल. तासभर चालणाऱ्या रेंडरमध्ये हा फरक चांगलाच जाणवतो.

दुकानदाराला ‘कार्ड कोणतं आहे?’ या प्रश्नानंतर लगेच विचारायला हवं, ‘किती वॉटचं आहे?’ हा आकडा कंपनीच्या वेबसाइटवर ‘टीजीपी’ या नावाखाली मिळतो. चांगल्या वॉटचं मागच्या पिढीतलं कार्ड हे कमी वॉटच्या नव्या कार्डाच्या बरोबरीने किंवा त्याहून चांगलं चालू शकतं.

बॅटरी मोठी का येत नाही?

नव्या मॉडेलमध्ये बॅटरी जास्त चालेल, ही आणखी एक आशा. तिला एक ठाम मर्यादा आहे आणि ती विमानप्रवासाच्या नियमांतून आलेली आहे. प्रवाशाला विमान कंपनीच्या वेगळ्या परवानगीशिवाय १०० वॉट-अवरपर्यंतचीच लिथियम बॅटरी सोबत नेता येते. म्हणून मोठ्या लॅपटॉपची बॅटरी ९९ किंवा ९९.९ वॉट-अवरवर येऊन थांबते.

आता हिशेब करू. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून २०० वॉट घेत असतील, तर ९९ वॉट-अवरची बॅटरी जेमतेम अर्धा तास पुरेल. शिवाय एवढी वीज बॅटरीतून सलग खेचणं तिच्यासाठी चांगलं नसतं. त्यामुळे चार्जर काढला की लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे अवजड काम भिंतीवरच्या सॉकेटला जोडूनच करावं लागतं.

थांबलं की स्वस्त मिळतं का?

नवं आलं की जुनं उतरतं, हा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. या अनुभवाने एक कंपनी बुडवली असंही सांगितलं जातं.

अॅडम ऑस्बोर्न यांचं बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलईला गेलं. १९८१ मध्ये त्यांनी अमेरिकेत ‘ऑस्बोर्न १’ हा उचलून नेता येणारा कॉम्प्युटर आणला. वजन सुमारे ११ किलो, स्क्रीन पाच इंचांची, किंमत १,७९५ डॉलर. बॅटरी नव्हती, सॉकेट लागायचंच. आजच्या डेस्कटॉप रिप्लेसमेंटचा हा पूर्वजच म्हणायचा. तो भरपूर खपला. पण १९८३ मध्ये कंपनीने पुढच्या मॉडेलची चर्चा वेळेआधीच सुरू केली. ग्राहक थांबले, दुकानदारांनी मागणी कमी केली आणि त्याच सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. स्पर्धा आणि ढिसाळ कारभार ही खरी कारणं होती असं मानणारेही आहेत. तरी वेळेआधीच्या घोषणेने चालू मालाची विक्री मरते, याला आजही ‘ऑस्बोर्न परिणाम’ म्हणतात.

पण २०२५ च्या अखेरीस हा नियम उलटा फिरला. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी चिपची प्रचंड मागणी आली. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली आणि सामान्य ग्राहकांच्या रॅमचे भाव चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने ‘क्रूशियल’ या नावाने चालणारा ग्राहकांसाठीचा रॅम आणि एसएसडीचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. लॅपटॉपमध्ये रॅम आणि एसएसडी दोन्ही असतात. अशा काळात जुन्या भावाने भरलेला दुकानातला माल संपला की पुढचा माल महाग येतो. थांबणाऱ्याला सवलत मिळण्याऐवजी जास्त पैसे मोजावे लागू शकतात.

रॅमबाबत आणखी एक गोष्ट. ‘आत्ता १६ जीबी घेऊ, पुढे वाढवू’ हा पर्याय प्रत्येक लॅपटॉपमध्ये नसतो. काहींमध्ये रॅम मदरबोर्डवरच जोडलेली असते. सुटी लावता येणारी असली, तरी नंतर ती कोणत्या भावाने मिळेल याची खात्री नाही.

परदेशातून मागवला तर?

नात्यातलं कोणी अमेरिकेत किंवा दुबईत असलं की हा पर्याय निघतोच. १८ वर्षांवरील प्रवाशाला भारतात येताना एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो. अडॅप्टर बहुतेक १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे विजेची अडचण येत नाही, फक्त पिन बदलावी लागते. खरा प्रश्न वॉरंटीचा असतो. ती भारतात चालेल का, हे त्या मॉडेलसाठी आधी तपासायला हवं. नाहीतर मदरबोर्ड बिघडला की वाचलेले सगळे पैसे दुरुस्तीत जातात.

छोटं युनिट चालवणाऱ्यांसाठी उलटा हिशेब आहे. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने धंद्यासाठी दीड लाखाचा लॅपटॉप स्वतःच्या जीएसटी क्रमांकाच्या बिलावर घेतला, तर त्यातल्या सुमारे २२,९०० रुपयांच्या कराचं क्रेडिट त्याला घेता येतं. परदेशातून सामानात आणलेल्या लॅपटॉपवर ते मिळत नाही.

संभाजीनगरच्या उन्हाळ्यात काय होतं?

बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात लॅपटॉप ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात वापरावा असं लिहिलेलं असतं. संभाजीनगरचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी पार करतो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत तर विचारायलाच नको. आत येणारी हवाच गरम असली की पंखे कितीही फिरले तरी चिप थंड होत नाही. मग लॅपटॉप वेग कमी करतो. थंड खोलीत झालेल्या चाचण्यांमधले आकडे इथे दुपारी तीन वाजता मिळतीलच असं नाही.

यावर उपाय साधे आहेत. लॅपटॉप गादीवर ठेवू नये, मागची बाजू उचलून ठेवावी, पंख्यांची जाळी साफ ठेवावी आणि लांबलचक रेंडर रात्री लावावेत. कूलरची दमट हवा थेट लॅपटॉपवर येऊ देऊ नये. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर तो साइन वेव्ह आहे का आणि अडॅप्टरचा भार पेलतो का, हे पाहून घ्यावं.

खरेदीच्या वेळी विचारायचा अजून एक प्रश्न म्हणजे घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी आपल्या पिनकोडला लागू आहे का. नसेल, तर मशीन पुण्याला पाठवायचं म्हणजे सबमिशनच्या आठवड्यात हात रिकामे.

मग कोणी थांबावं, कोणी थांबू नये?

हातातलं मशीन चालत असेल, काम अडत नसेल आणि नवं मॉडेल भारतात किमतीसह जाहीर झालं असेल, तर काही आठवडे थांबण्यात अर्थ आहे. नव्या कार्डात आपल्या कामाला लागणारी एखादी ठोस गोष्ट असेल, उदाहरणार्थ मोठ्या थ्रीडी सीनसाठी जास्त ग्राफिक्स मेमरी, तरीही थांबावं.

प्रोजेक्टची तारीख ठरली आहे, मुलाखतीआधी सॉफ्टवेअरवर हात बसवायचा आहे किंवा ग्राहकाचं काम हातात आहे, अशांनी केवळ अफवांवर थांबू नये. महिन्याला दहा हजारांचं काम मिळवणाऱ्या फ्रीलान्सरचे चार महिने थांबण्यात ४० हजार जातात. एवढी सूट कोणतंही नवं मॉडेल जुन्यावर क्वचितच मिळवून देतं.

आपलं काम काय आहे, हेही नीट पाहायला हवं. सॉलिडवर्क्समध्ये पार्ट आणि लहान असेंब्ली बनवताना मुख्य भार प्रोसेसरच्या एका कोअरच्या वेगावर असतो, सगळ्यात महाग ग्राफिक्स कार्डाचा तिथे फारसा उपयोग होत नाही. सिम्युलेशनला रॅम आणि जास्त कोअर लागतात. ब्लेंडरमधल्या रेंडरिंगला मात्र ग्राफिक्स कार्डच लागतं. सॉलिडवर्क्स आणि कॅटियाची मॅकसाठी आवृत्ती नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

शेवटचा पर्याय बहुतेकांच्या यादीत नसतोच. मशीन वर्षभर एकाच टेबलावर राहणार असेल, तर खराखुरा डेस्कटॉप घ्यावा. त्याच पैशात जास्त वॉटचं कार्ड येतं, उन्हाळा तो अधिक सोसतो, आणि एखादा भाग गेला तर संपूर्ण मशीन पाठवावं न लागता शहरातच तो बदलून मिळतो. लॅपटॉपच्या नव्या मॉडेलची वाट पाहण्याआधी, आपल्याला लॅपटॉपच हवा आहे का, हा प्रश्न एकदा घरच्यांसोबत बसून सोडवलेला बरा.