धूळवाफ आणि गाळपेर: पाणथळ जमिनीतली रानफुले व गवते

महाराष्ट्रातील बहुतेक पाणथळ जागा वर्षभर पाणथळ नसतात. कोकणातले जांभ्याचे सडे, साताऱ्याजवळचे कासचे पठार, भातखाचरे, गावतळ्याचा काठ, ओढ्यालगतची चिबड जमीन, धरणाचे पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा गाळ, ही सारी ठिकाणे काही महिने ओलीचिंब असतात आणि उरलेल्या काळात सुकून जातात. उन्हाळ्यात तर भेगाळतातही. तिथे उगवणारी रानफुले आणि गवते या चक्राला पिढ्यान्‌पिढ्या सरावलेली आहेत. त्यामुळे त्यांचे बी पेरताना ओल किती आहे हे पाहून भागत नाही. ती केव्हा येते आणि केव्हा जाते हे आधी पाहावे लागते.

बी रुजायला पाणी लागते, तसा प्राणवायूही लागतो. जमीन पाण्याने तुडुंब भरली की मातीच्या कणांमधली हवा निघून जाते आणि फुगलेले बी श्वास कोंडून कुजते. याला अपवाद थोडे. भाताचे बी प्राणवायूवाचूनही कोंब वर काढते. मूळ मात्र हवा मिळेपर्यंत थांबवून ठेवते. भातातले पाखड हे तणही असेच चिवट असते. पाणथळीतल्या इतर बहुतेक वनस्पतींना हे जमत नाही. त्यांच्या मोठ्या झाडांत मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ्या असल्या, तरी त्या रोप वाढल्यावर तयार होतात. कोवळ्या अंकुराला पहिले काही दिवस ओली पण श्वास घेणारी जमीनच लागते. शेतकऱ्याच्या शब्दांत सांगायचे तर रुजताना वाफसा हवा, चिखल नंतर चालेल.

ही अडचण निसर्गाने बियांच्या झोपेतून सोडवली आहे. सड्यावरची फुले सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बहरतात आणि पाऊस ओसरला की त्यांचे बी पिकून गळते. तेव्हाही जमिनीत ओल असते, पण बहुतेक बी लगेच उगवत नाही. उगवले असते तर हिवाळ्या-उन्हाळ्याच्या कोरड्या महिन्यांत रोप जळून गेले असते. ते बी उन्हाळाभर तापलेल्या मातीत पडून राहते, त्या काळात त्याची सुप्तावस्था हळूहळू मोडते आणि जूनच्या पहिल्या सरींना ते रुजते. मारवेलसारख्या गवताचे ताजे बीही पेरल्यावर फार कमी उगवते. काही महिने कोरडे ठेवलेले बी अधिक चांगले उगवते. नव्या बियांकडून लगेच उगवणीची अपेक्षा ठेवणारा माणूस हमखास निराश होतो आणि दोष बियांना देतो.

पेरणीच्या दोन्ही वेळा शेतकऱ्यांना जुन्या काळापासून ठाऊक आहेत. पहिली धूळवाफेची. भातशेतीत पावसाआधी कोरड्या, भुसभुशीत मातीत बी टाकून ठेवतात. तसेच रानफुलांचे बी मे महिन्याच्या अखेरीस टाकावे. पहिला पाऊस आला की पाणी साचण्यापूर्वीच अंकुर मूळ धरतो आणि जुलैत जमीन भरेपर्यंत रोप तगण्याइतके मोठे होते. दुसरी वेळ गाळपेरीची. तळ्याचे किंवा धरणाचे पाणी मागे हटत जाते, तसतसा उघडा पडणारा गाळ पट्ट्यापट्ट्याने पेरायचा. भात कापल्यावर खाचरात जांभळ्या गोंड्यांनी दिसणारी गोरखमुंडी ही याच ओसरत्या ओलीवर येणारी वनस्पती. भर पावसात साचलेल्या पाण्यात बी भिरकावण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. ते तरंगत एका कोपऱ्यात गोळा होते किंवा वाहून जाते.

पेरण्याआधी त्या जमिनीत काय दडले आहे हे पाहणे शहाणपणाचे. चार्ल्स डार्विनने एका लहान तळ्याच्या काठावरून, पाण्याखालच्या तीन जागांचा, तीन मोठे चमचे चिखल घेतला. सुकल्यावर त्याचे वजन पावणेसात औंस, म्हणजे सुमारे १९० ग्रॅम भरले. सहा महिने तो चिखल झाकून ठेवून त्याने उगवलेले प्रत्येक रोप उपटून मोजले. ती ५३७ निघाली. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात ही नोंद आहे. पाणथळ मातीत बियांचा केवढा साठा असतो, हे समजायला याहून चांगला प्रयोग नाही, आणि तो कुणालाही करता येतो. उन्हाळ्यात निवडलेल्या जागेची थोडी माती उथळ कुंडीत पसरून ओलसर ठेवली की महिन्या-दोन महिन्यांत कळते, तिथे गेंद आणि लव्हाळे झोपले आहेत की नुसते पाणकणीस आणि तण. पहिले असेल तर विकतचे बी आणण्याची गरजच नाही. जनावरांची चराई आणि कचरा थांबवणे पुरते.

बियांचा आकार पेरणीची खोली ठरवतो. गेंद आणि दवबिंदू यांचे बी मिलिमीटरभरही नसते. त्यात साठवलेले अन्न नगण्य, त्यामुळे मातीखाली गाडले तर अंकुर वर पोहोचत नाही. असे बी चार-पाच पट बारीक रेतीत मिसळून पृष्ठभागावर भुरभुरावे आणि तळहाताने किंवा फळीने दाबावे, माती लोटू नये. पाणकणसाच्या बारीक बियांप्रमाणे यांतल्या अनेकांना उजेडही लागतो. उघडा चिखल दिवसा तापतो आणि रात्री निवतो, खोल पाण्याखाली हा फरक जवळजवळ पडत नाही. तापमानाचा हा चढउतार आणि उजेड यांवरून बियांना वर मोकळी जागा आहे हे कळते. तालीमखान्याचे बी भिजताच सब्जासारखे बुळबुळीत होते आणि चिखलाला चिकटून बसते, म्हणून ते नुसते वर टाकले तरी चालते. रानजोंधळ्याचे मणी मात्र टणक. ते दिवसभर भिजवून बोटाच्या एका पेराइतके खोल लावावेत.

कवल्याचे बी वेगळी वागणूक मागते. पिवळ्या फुलांची ही शेंगवर्गीय वनस्पती पावसाळ्यात रानभाजी म्हणूनही खाल्ली जाते. तिच्या बियांचे कवच पाणी आत शिरू देत नाही, म्हणून पॉलिश पेपरवर हलके घासल्याशिवाय त्या एकसाथ उगवत नाहीत. कमळाच्या बाबतीत हेच टोकाला गेलेले दिसते. चीनमधल्या एका जुन्या तळ्याच्या गाळातले सुमारे १३०० वर्षांचे कमळबी रुजल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदले आहे. ताजे कमळबीही कवच घासून पांढरा गर किंचित दिसेपर्यंत उघडले आणि कोमट पाण्यात ठेवून पाणी रोज बदलले की थोड्याच दिवसांत कोंब काढते.

काही वनस्पती केवळ बी टाकून येत नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवे. सड्यावरची पांढरी तुतारी आणि दुधाळी यांची मुळे शेजारच्या गवताच्या मुळांतून रस ओढतात. त्यांचे बी उघड्या जमिनीत टाकणे व्यर्थ, ते आधी वाढलेल्या गवतातच टाकावे लागते. हबेनारियासारख्या जमिनीवरच्या आमरींच्या धुळीएवढ्या बियांत अन्नसाठाच नसतो. ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात. वाळा ठोंबांनीच लावणे सोयीचे, कारण त्याच्या बियांचा भरवसा नसतो.

जमीन तयार करताना खत घालू नये, हा सल्ला बागकामाची सवय असलेल्यांना सर्वांत जड जातो. सड्यावरची माती उथळ आणि नत्राने इतकी गरीब असते की तिथल्या सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती कीटक पकडून ती उणीव भरून काढतात. त्या जमिनीला शेणखत दिले की उंच, दांडगे गवत फोफावते आणि बोटभर उंचीची फुले सावलीत मरतात. उलट वरचा सुपीक थर काढून टाकल्याने फुलांना फायदा होतो.

बी कुठून आणायचे, हा प्रश्न शेवटचा वाटला तरी सर्वांत नाजूक आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कास आहे. तिथले फूल किंवा बी तोडण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. बी घ्यावे ते आपल्याच परिसरातले, जमीनमालकाच्या संमतीने, आणि एका जागेवरून थोडेसेच; बहुतेक बी तिथेच गळू द्यावे. तेरड्याची बोंडे पिकली की हात लागताच फुटतात, म्हणून त्यांवर आधीच मलमलीची पुरचुंडी बांधतात. गवताची कणसे पिवळी पडून बी सहज सुटू लागले की हाताने ओरबाडावीत. सगळे बी सावलीत वाळवून कागदी किंवा कापडी पिशवीत ठेवावे, प्लास्टिकमध्ये ते घामेजून बुरशी धरते.

पहिल्या वर्षी जमीन उजाडच वाटते आणि तण जास्त दिसते. बेशरम, गाजरगवत आणि पाणकणीस फुलण्याआधी मुळासकट उपटावे. पाणकणसाच्या एका कणसात लाखाहून अधिक बिया असतात, त्यामुळे एकही पिकू देऊ नये. गवताची कापणी फुलांचे बी गळून गेल्यावर, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास करावी आणि कापलेले गवत तिथे कुजू न देता उचलून न्यावे, नाहीतर तेच खत होते. जाळू मात्र नये. पृष्ठभागावर पडलेले बारीक बी त्या आगीत होरपळते. दुसऱ्या मे महिन्यात साऱ्या जमिनीवर पुन्हा पेरण्याची गरज नसते. पावसाळ्यात जिथे काहीच उगवले नाही ते तुकडे तेव्हाच खुंट्या मारून खुणावून ठेवावेत आणि तेवढ्याच ठिकाणी, पाणी किती दिवस साचले होते ते लक्षात घेऊन, दुसऱ्या जातीचे बी टाकावे.