स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचे घरातील पडणे : कारणे व प्रतिबंध

वृद्ध मनुष्य घरात पडला म्हणजे त्याला आपण अपघात म्हणतो. फरशी ओली होती, सतरंजीत पाय अडकला, उंबरठा दिसला नाही, अशी कारणे सांगितली जातात आणि ती बहुधा खरीही असतात. परंतु स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाच्या बाबतीत एवढ्याने उलगडा होत नाही. त्याच घरात, त्याच फरशीवरून, त्याच वयाची दुसरी व्यक्ती वर्षभर सुखरूप वावरते आणि ही व्यक्ती वारंवार पडते. न्यूकॅसल येथील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या पडण्याचे प्रमाण नसलेल्यांच्या सुमारे आठपट आढळले. इतकी तफावत केवळ घराच्या रचनेवर लादता येणार नाही. भारतापुरते बोलावयाचे तर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने ६० वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असे अनुमान केले आहे. आणि आपल्याकडे यांतील बहुतेकांची शुश्रूषा घरीच, सून, मुलगी अथवा पत्नी यांच्या हातून होते.

चालणे ही क्रिया आपोआप घडते अशी आपली समजूत असते. तरुणपणी ती बव्हंशी खरी आहे. वय वाढते तसे चालण्याला अवधान लागू लागते, आणि स्मृतिभ्रंशात नेमका अवधानाचाच साठा आटत जातो. स्वीडनमधील उमिओ येथील संशोधकांनी १९९७ साली हे एका साध्या निरीक्षणातून दाखविले. वृद्धांसाठी असलेल्या निवासांतील ५८ रहिवाशांशी चालता चालता संभाषण सुरू केले असता १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढील सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. बोलणे आणि चालणे ही दोन कामे ज्याला एकत्र पेलत नाहीत, त्याचा तोल धोक्यात आहे, असा याचा अर्थ. घरातील व्यवहारात याचे प्रत्यंतर सहज मिळते. आजी पाण्याचा तांब्या घेऊन निघाल्या असता स्वयंपाकघरातून कोणी हाक मारते, त्या उत्तर द्यावयास वळतात आणि कोसळतात. हाक मारणाऱ्याच्या मनात काळजीच असते; पण पडण्याला निमित्त तीच होते.

अवधानाच्या जोडीला निर्णयशक्तीचा ऱ्हास असतो. आपल्याला आता जिना झेपत नाही, ही गोष्ट रुग्णाच्या ध्यानात राहत नाही. चकचकीत फरशी त्याला पाण्यासारखी भासते, दारातील काळे पायपुसणे खड्ड्यासारखे वाटते, आणि तो खड्डा ओलांडण्यासाठी तो लांब पाऊल टाकतो. यास्तव ‘काठी घेतल्याशिवाय उठू नका’ ही सूचना, कितीही प्रेमाने दिली तरी, निष्फळ ठरते. स्मरणशक्तीवर अवलंबून असलेला कोणताही उपाय स्मृतिभ्रंशात उपाय म्हणून धरता येत नाही. काठी सांगून नव्हे, तर पलंगाच्या ज्या बाजूने तो उठतो त्या बाजूस, हाताला लागेल अशी ठेवून उपयोगी पडते.

घराच्या दुरुस्तीविषयी थोडक्यातच सांगतो. मोरी व शौचकूप कोरडे ठेवणे, तेथे भिंतीत पक्का दांडा बसविणे, शक्य तेथे उंच बैठकीची सोय करणे, पलंगापासून शौचकूपापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवणे, हे सर्वपरिचित आहे. मात्र सुरक्षिततेच्या उत्साहात घराची मांडणी एका दिवसात पालटणे अहितकारक होय. तीस वर्षे कपाटाला हात टेकून चालणाऱ्याचे कपाट हलविले, तर त्याच्या हाताखालचा आधारच काढून घेतल्यासारखे होते.

याहून अधिक दुर्लक्षित राहते ती वैद्यकीय बाजू. उभे राहताच रक्तदाब उतरणे, नैराश्य, आणि झोपेची वा मन शांत करणारी औषधे, ही तिन्ही कारणे सुधारण्याजोगी आहेत. उपर्युक्त २००९ च्या पाहणीतही यांपैकी पहिली दोन ठळकपणे पुढे आली. रुग्ण रात्री अस्वस्थ होतो म्हणून शामक औषध दिले जाते. मध्यरात्री तो लघवीसाठी उठतो आणि औषधाच्या अमलाखाली पडतो. रक्तदाब निजलेल्या स्थितीत आणि उभा केल्यावर असा दोनदा मोजावा, हा साधा नियम घरभेटीत क्वचितच पाळला जातो.

व्यायामाविषयीचे पुरावे परस्परविरोधी आहेत. न्यूकॅसल येथेच २००३ साली, पडून रुग्णालयात आलेल्या २७४ बुद्धिक्षीण व स्मृतिभ्रंशी वृद्धांवर सर्वांगीण उपाययोजनेचा प्रयोग झाला. वर्षभरात उपाय केलेल्यांपैकी ७४ टक्के आणि न केलेल्यांपैकी ८० टक्के पडले, म्हणजे उल्लेखनीय फरक पडला नाही. उलट फिनलंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पत्नी वा पतीसह घरी राहणाऱ्या अल्झायमरच्या २१० रुग्णांपैकी ज्यांना व्यायामोपचारतज्ज्ञाने वर्षभर, आठवड्यातून दोनदा घरी येऊन व्यायाम दिला, त्यांचे पडणे माणशी वर्षाला १.३५ वेळा, तर नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांचे ३.०७ वेळा इतके होते. पुढे २०२३ साली इंग्लंडमधील ३६५ सौम्य रुग्णांवरील प्रयोगाने मात्र असा निश्चित लाभ दाखविला नाही. माझ्या मते येथे व्यायामाच्या प्रकारापेक्षा त्याची व्यवस्था विचारात घ्यावी. फिनलंडमध्ये तज्ज्ञ समोर उभा राहून व्यायाम करवीत असे. इंग्लंडमधील योजनेत दोन भेटींच्या मध्यंतरी रुग्णाने बराच व्यायाम स्वतः करावा, अशी अपेक्षा होती. अर्थात् रुग्णांच्या व्याधीची अवस्थाही भिन्न होती, हे विसरता कामा नये.

या सर्वांवर कुटुंबाने शोधलेला सोपा उपाय म्हणजे वृद्धाला उठूच न देणे. खुर्चीला उपरणे बांधणे, दाराला बाहेरून कडी लावणे हे प्रकार घडतात, आणि ते क्रौर्याने नव्हे तर भीतीने घडतात. अमेरिकेतील शुश्रूषागृहांच्या १९९६ च्या अभ्यासात बांधून ठेवल्याने पडणे घटले नाही. चालत्या-फिरत्या पण गोंधळलेल्या रहिवाशांत ते वाढलेले दिसले. बसवून ठेवलेल्याच्या मांड्यांचे स्नायू काही आठवड्यांतच क्षीण होतात आणि पुढचे उठणे आधीच्या उठण्यापेक्षा अधिक धोक्याचे होते.

या विषयावर क्षेत्रकार्य करू इच्छिणाऱ्यांसाठी एक अडचण नमूद करणे अवश्य आहे. युरोपीय संशोधकांनी २००५ साली ठरविलेल्या व्याख्येनुसार, अनपेक्षितपणे जमिनीवर अथवा खालच्या पातळीवर येणे म्हणजे पडणे. रुग्णाला स्वतः आठवत नसल्याने नोंद शुश्रूषा करणाऱ्यानेच त्या त्या दिवशी दिनदर्शिकेवर करावयाची असते. ज्या घरात जमिनीवर बसण्याची रीत नाही तेथे हे सोपे आहे. आपल्याकडे जेवणे, निवडणे-टिपणे, पोथी वाचणे सारे जमिनीवरच चालत आलेले. दुपारी माजघरात आजी भिंतीशी बसलेल्या आढळल्या, तर त्या बसल्या की पडल्या हे सुनेला सांगता येत नाही. अशा नोंदीसाठी दिनदर्शिकेत ‘बसलेल्या आढळल्या’ असा तिसरा रकाना ठेवावा आणि त्याच दिवशी कोपर, ढोपर व कंबर पाहून घ्यावी.