जुन्या प्रोग्रामांतील व्यवहारनियम : स्टोअर्ड प्रोसिजर की थेट प्रोग्राम-कॉल?

प्रास्ताविक
आयबीएमने १९८८ मध्ये एएस/४०० ही संगणकप्रणाली बाजारात आणली. तिचा वारसा आज ‘आयबीएम आय’ या नावाने चालू आहे. या प्रणालीवर आरपीजी व कोबोल भाषांतील प्रोग्रामांत व्याज-आकारणी, वेतनगणना, साठा-नोंद यांचे नियम वर्षानुवर्षे साठत आले. पुष्कळदा ते अन्यत्र कोठेही लिहिलेले नसतात. नव्याने लिहिताना एखादा अपवाद निसटला, तर हिशेबच चुकतो. म्हणून मूळ प्रोग्राम कायम ठेवून तो जावासारख्या भाषेतून वापरणे इष्ट ठरते. त्याच्या दोन मार्गांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

थेट प्रोग्राम-कॉल
आयबीएमच्या जावा टूलबॉक्समधील ‘प्रोग्रामकॉल’ या सुविधेने प्रोग्राम थेट चालविता येतो. डेटाबेसमध्ये काही नोंदवावे लागत नाही. मात्र प्रत्येक प्राचल बाइटरूपात द्यावे लागते. एबसिडिक अक्षरसंकेत व पॅक्ड दशांश यांचे रूपांतर करण्याची जबाबदारी कॉल करणाऱ्यावर असते. ‘पीसीएमएल’ वर्णनामुळे हे काम हलके होते. लांबी चुकल्यास दरवेळी त्रुटिसंदेश येईलच असे नाही. चुकीची रक्कमही निमूटपणे परत येऊ शकते.

स्टोअर्ड प्रोसिजर
‘क्रिएट प्रोसिजर’ या विधानाने जुना प्रोग्राम, त्यातील एकही ओळ न बदलता, बाह्य प्रोसिजर म्हणून नोंदविता येतो. प्राचलांचे प्रकार एकदाच घोषित होतात. रूपांतर ड्रायव्हर करतो. घोषणा चुकल्यास दोष येथेही उद्भवतो, परंतु तो एकाच ठिकाणी दुरुस्त होतो. जेडीबीसी वा ओडीबीसी जाणणारा कोणताही प्रोग्राम ती वापरू शकतो. शिवाय ती डेटाबेस-जोडणीच्याच जॉबमध्ये चालते. त्यामुळे जुन्या प्रोग्रामने फाइली कमिटमेंट कंट्रोलखाली उघडल्या असतील व दोघांची व्याप्ती एकच असेल, तर सर्व बदल एकत्र कायम किंवा रद्द करता येतात. थेट कॉल सामान्यतः स्वतंत्र सर्व्हर-जॉबमध्ये चालत असल्याने त्यात ही हमी मिळत नाही.

समान मर्यादा
स्क्रीनवर माहिती विचारणारा प्रोग्राम दोन्ही मार्गांना निरुपयोगी आहे, कारण सर्व्हर-जॉबला पडदाच नसतो. अशा प्रोग्राममधील नियम आधी वेगळा काढावा लागतो.

निष्कर्ष
डेटाबेसमधील नोंदी बदलणारे आणि अनेकांना लागणारे नियम स्टोअर्ड प्रोसिजरमार्फत उपलब्ध करावेत. एकाच जावा प्रोग्रामला लागणारी, डेटाबेसशी संबंध नसलेली कामे थेट कॉलने करणे पुरेसे आहे. निवडीची कसोटी वेगापेक्षा हीच असावी : व्यवहार अर्ध्यावर तुटल्यास नोंदी कोण पूर्ववत करणार?